आत्याची फिर्याद आत्याच्याच शब्दांत का नको?

कृष्णाकाठ (सांगली): विश्रामबागेत आत्याच्या गळ्यातली बोरमाळ मोटारसायकलवरच्या दोघा पोरांनी हिसकावली. ठाण्यात ती म्हणाली, "मी दळण घेऊन येत होते. गाडी चालवणारं पोरगं अनवाणी होतं." फिर्यादीत उतरलं ते असं: "सकाळी ०९.४० वा. चे सुमारास दोन अनोळखी इसम, वय अंदाजे २० ते २५ वर्षे, यांनी अचानक व जबरदस्तीने हिसडा मारून..." आत्या घड्याळ घालत नाही. मग ९.४० आलं कुठून? आणि अनवाणी पाय गेले कुठं? शेवटी मात्र 'सदरची फिर्याद माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरी आहे', खाली तिची सही. माणूस बोलतो तसं लिहायला काय होतं?

निवृत्त हवालदार (कराड): आमच्या भाषेला हसणं सोपं आहे. 'अचानक', 'जबरदस्तीने' हे शब्द शोभेला घातलेले नाहीत. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला वेगळं कलम ३०४ आलंय, त्याला हेच लागतं. 'संमतीवाचून', 'लबाडीने' हे चोरीच्या व्याख्येतलं. ते राहिलं तर कोर्टात बोलणी आम्हीच खायची. जप्ती पंचनाम्यात 'पिवळ्या धातूची माळ' लिहितो, त्यालाही लोक हसतात. सोनाराने तपासेपर्यंत ते सोनं आहे हे मी कोण सांगणार? उद्या पितळ निघालं तर 'पोलिसांनी माल बदलला' म्हणून बोंब तुम्हीच ठोकाल.

माणदेशी: पिवळा धातू पटला दादा. ९.४० काय पटलं नाही.

वकीलबाई (मिरज): मी बचावाकडून उभी असते तेव्हा अशी फिर्याद म्हणजे मेजवानीच. पहिला प्रश्न ठरलेला: "आजी, इसम म्हणजे काय हो?" आजी गप्प, की कोर्टाला म्हणायचं, हे सगळं पोलिसांनी रचलंय. दुसरा प्रश्न वेळेचा. फिर्याद म्हणते ९.४०, चौकातला कॅमेरा दाखवतो १०.१५. 'दळण घेऊन येताना, दहाच्या आसपास' एवढंच असतं तर माझ्या हाती काय लागलं असतं? कलमाचे शब्द हवेत तिथे घाला, पण बाकीचं तिचं तिला राहू द्या.

निवृत्त हवालदार: मॅडम, एफआयआर म्हणजे ज्ञानकोश नव्हे, हे सुप्रीम कोर्टानंच कितीदा म्हटलंय. राहिलेलं पुरवणी जबाबात घेता येतं. एक अंमलदार, एक संगणक, दारात भांडून आलेल्या दोन्ही पार्ट्या. मग मागच्या गुन्ह्याची फाईल उघडून नाव, गाव, वेळ बदलतो आम्ही. हो, बदलतो.

वकीलबाई: आणि पुरवणीतलं 'मागाहून सुचलेलं' म्हणून मीच उडवून लावते.

सातारकर: सगळं पोलिसांवर ढकलू नका. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर वाचून दाखवायची असते, मग सही, आणि प्रत फुकट. आत्यानं न वाचताच सही केली ना?

कृष्णाकाठ: तीन तास बाकावर बसवल्यावर चष्मा शोधत बसायचं त्राण राहतं का कुणात? एकदा बसून बघा राव.

कृष्णाकाठ (दोन दिवसांनी): पुरवणी जबाब देऊन आलो. अंमलदार भला माणूस, सगळं ऐकून घेतलं, वाचूनही दाखवलं. अनवाणी पोरगं आता कागदावर आहे: 'पायात पादत्राणे परिधान न केलेला इसम'. आत्या विचारतेय, हा तिसरा कोण?