गॅल्व्हनाइज्ड पाइपांचे वेल्डिंग आणि पावसात बंद ठेवावी लागणारी शेड : धुरासाठी काय करावे?

नमस्कार. मालवणजवळच्या गावात माझ्या धाकट्या भावाचे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. हिशेब आणि खरेदी मी पाहतो. ग्रिल आणि गेटची कामे वर्षभर असतात, पण गणपतीपूर्वी खळ्यावर (घरापुढच्या अंगणात) पत्र्याची शेड घालून घेण्याची मोठी घाई असते आणि खाऱ्या हवेत गंजू नयेत म्हणून बहुतेकांना गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले, पाइपच हवे असतात.

गेल्या श्रावणात दोन दिवस सलग हेच काम केल्यावर भावाच्या तोंडाला तांब्याचे नाणे चघळल्यासारखी चव आली आणि रात्री दोन गोधड्या घेऊनही हुडहुडी थांबेना. आमच्याकडे पावसाळ्यात ताप आला की पहिली शंका लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) किंवा मलेरियाची, म्हणून लगेच रक्त तपासले. दोन्ही निघाले नाहीत आणि दुसऱ्या संध्याकाळी ताप आपोआप उतरला. डॉक्टरांनी कामाची चौकशी केली आणि जस्ताच्या धुराने असा ताप काही तासांनी चढतो व एक-दोन दिवसांत जातो, असे सांगितले. मला खरी भीती पुढची आहे : उद्या खरोखरच लेप्टो झाला आणि 'धुराचाच ताप आहे, उतरेल' म्हणून तो घरी पडून राहिला, तर?

त्यापेक्षा धूरच टाळला पाहिजे. पण ओल्या जमिनीवर, भिजलेल्या हातमोज्यांनी वेल्डिंगचा होल्डर धरला तर शॉकचा धोका असतो, म्हणून पावसाच्या बाजूची ताडपत्री उघडता येत नाही. छताला एक्झॉस्ट पंखा आहे. तरीही भाऊ वाकून बसला असताना मी जोडापाशी उदबत्ती धरून पाहिली, तेव्हा तिचा धूर त्याच्या नाकासमोरूनच वर गेला. हेल्मेटच्या आतल्या कडेला पांढरी भुकटी बोटाला लागते. कारागीर गूळ खातात, दूध पितात. पण फुप्फुसात गेलेला धूर पोटात गेलेल्या गुळाने कसा निघेल? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत घातला आहे, हे वाचल्यापासून मला हा प्रश्न केवळ तापाचा वाटत नाही.

जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर ग्राइंडरने काढून, वेल्डिंगनंतर तिथे झिंकचा रंग लावण्याची पद्धत आम्ही सुरू केली आहे. आता अनुभवी मंडळींनी कृपया तीन गोष्टी सांगाव्यात. धूर वर न जाता बाजूला ओढला जावा यासाठी ब्लोअरचे तोंड जोडापासून किती अंतरावर ठेवावे? हेल्मेटखाली बसणारा आणि घामाने न सरकणारा मास्क कोणता (भावाला दाढी आहे, ती काढावी लागली तरी चालेल)? आणि खळ्याची शेड वेल्डिंगऐवजी क्लॅम्प व बोल्टने कोणी उभारली आहे का, आणि मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळासारख्या वाऱ्यात ती टिकली का?