फोटोतलं हे आभाळ की सुरुंगाचा बार? संग्रहात टॅग कसा द्यायचा?

वाचनालयातली

अंबाजोगाईकडच्या आमच्या वाचनालयात जुने फोटो स्कॅन करायचं काम चालू आहे. बंद पडलेल्या स्टुडिओच्या निगेटिव्ह, शाळांचे अल्बम, लोकांच्या ट्रंकेत पडून असलेले फोटो. शोधणाऱ्याला सापडावं म्हणून प्रत्येकाला टॅग देतो. जत्रा, लग्नं, चारा छावण्या यांवरून कधी वाद झाला नाही. ‘स्फोट’ आणि ‘ढग’ या दोन टॅगवरून मात्र महिनाभर आम्ही एकमेकांच्या नोंदी खोडतोय. तीन फोटो सांगते.

पहिला काळा-पांढरा. पाठीमागे पेन्सिलनं एवढंच, ‘विहीर, ७२’. माळरान आहे आणि जमिनीपासून वर चढलेलं पांढरट काहीतरी. विहीर दिसत नाही. एकानं ‘स्फोट’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘ढग’.

दुसरा शाळेच्या प्रदर्शनातल्या तक्त्याचा. त्यावर हिरोशिमाचा तो सगळ्यांच्या ओळखीचा उंच ढग.

तिसरा ऑगस्ट २०१९ चा. तेव्हाच्या औरंगाबादच्या विमानतळावरून कृत्रिम पावसाचे प्रयोग चालू होते. भरून आलेलं आभाळ, खाली इवलंसं विमान. टॅग दिलाय ‘ढगात स्फोट’.

माझं मत सरळ आहे. डोळ्यांना जे दिसतं तोच टॅग द्यावा, कारण लिहू नये. कारण हा बहुतेक वेळा आपला अंदाज असतो आणि एकदा टॅगमध्ये शिरला की पुढचा माणूस तो पुरावा म्हणून वापरतो. तिसऱ्या फोटोचं तेच झालं. ढगात कुणी काही फोडत नाही. विमानाला लावलेल्या नळकांड्या जळतात आणि त्यांतून मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण आधीच आलेल्या ढगात सोडले जातात. ‘वर जाऊन बार उडवतात’ असं गावागावांत बोललं जायचं, ते जसंच्या तसं आमच्या संग्रहात येऊन बसलं. तुम्हाला काय वाटतं?

बाराचा माणूस

ताई, समजलं पण पटलं न्हाई. मी पंधरा वर्षं विहिरीवर ब्लास्टिंगचं काम केलंय. कॉम्प्रेसरनं होल मारायचे, कांड्या भरायच्या, पेटवणारी केप लावायची, वायर लांब सोडायची. बार हा डोळ्याला दिसतच नसतो. सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात काम खल्लास. तुम्हाला दिसतो तो धुराळा, तो नंतरचा. ‘दिसतं तेच लिहा’ म्हणलं तर जगातल्या एकाही फोटोला ‘स्फोट’ लिहिता येणार न्हाई. मग त्या टॅगात ठेवायलात काय? बहात्तरच्या दुष्काळात माणसांनी विहिरी पाडल्या, हात-पाय गमावले, त्या कामाचा फोटो तुम्ही ‘ढग’ म्हणून पावसाळ्याच्या फोटोत टाकायलात. हे काळजाला लागतं.

पर्जन्यमापक

दादांचा मुद्दा मान्य, पण मला दुसऱ्या बाजूनं भांडायचंय. मी हवामानाचे आकडे गोळा करणारा माणूस. ढग म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब नाहीतर बर्फाचे कण. धूळ आणि धूर यांना हवामानशास्त्रात ढगात धरत नाहीत. त्यामुळे पहिल्या फोटोला ‘ढग’ हा टॅग चूकच आहे, बार असो वा नसो.

मात्र सगळं इतकं सोपं नाही. बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० ला सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडालं, त्याची दृश्यं सगळ्यांनी पाहिलीत. त्यात क्षणभर एक पांढराशुभ्र घुमट फुगतो आणि विरतो. तो धूर नव्हता. दाबाची लाट पुढे गेली की तिच्यामागे हवेचा दाब पडतो, हवा एकदम गार होते आणि समुद्रावरच्या दमट हवेतल्या वाफेचे थेंब होतात. म्हणजे तो शास्त्रानं खरा ढग, क्षणापुरता का होईना. त्याच्यामागून वर गेलेला तांबूस लोट नायट्रोजन डायऑक्साइडचा, तो ढग नाही. एकाच फोटोत दोन्ही आहेत. १९४६ च्या जुलैत पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटाजवळ पाण्याखाली अणुचाचणी झाली, तिच्या फोटोतही असाच पांढरा घुमट दिसतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत विहिरीच्या बारानं तो दिसणार नाही.

आगीचं तसंच. मोठ्या आगीवर गरम हवा चढून वाफेचे थेंब झाले तर जो ढग होतो त्याला जागतिक हवामान संघटनेच्या २०१७ च्या ढगांच्या अ‍ॅटलासमध्ये वेगळं नाव आहे, फ्लॅमाजेनिटस. नुसत्या धुराला ते नाव देत नाहीत. म्हणून माझी मागणी एवढीच की ‘ढग’ हा टॅग राखीव ठेवा. ढग अभ्यासणाऱ्या पोराला खदानीचे फोटो दाखवू नका.

बोलीवाली

तुम्ही दोघंही दोनच शब्दांत अडकलात. आपल्या माणसाच्या तोंडात तिसरा शब्द आधीपासून आहे की, लोट! धुराचे लोट, धुळीचा लोट. जमिनीवरून उठला, वर गेला, पसरला, सगळं त्या एका शब्दात येतं. त्याच्या जोडीला फुफाटा आहे, धुराळा आहे, वावटळ आहे. उलट ‘ढग’ आपल्याकडे रोजच्या बोलण्यात कमीच, आपण ‘आभाळ आलंय’ म्हणतो. इंग्रजीत धूळ, धूर, वाफ सगळ्यांना एकच शब्द चालतो म्हणून आपण का ओढाताण करायची?

अणुस्फोटाच्या त्या आकारालाही आपल्याकडे शब्द आहे. पहिल्या पावसानंतर उकिरड्यावर उगवते ती कुत्र्याची छत्री पाहिलेल्या कुणालाही ‘छत्रीसारखा लोट’ म्हटलं की चित्र दिसतं.

आणि ‘ढगफुटी’चं काय करणार? तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला की हवामान खातं ती ढगफुटी धरतं. ढग भांड्यासारखा फुटत नाही. पण ‘ढग’ आणि ‘फुटणे’ शोधणाऱ्याला तुमचा संगणक सप्टेंबर २०२५ च्या पुराचे फोटो दाखवणार. शब्द नुसता घेऊन चालत नाही, तो कुठं वापरायचा हे एका ओळीत लिहून ठेवावं लागतं.

वाचनालयातली

‘लोट’ घेतला. खरंच का सुचला नाही!

पण दादा, कारणाबद्दल मी अजून ठाम आहे, आणि त्याला कारण तो दुसराच फोटो. हिरोशिमावर बाँब पडला ६ ऑगस्ट १९४५ ला, सकाळी सव्वाआठला. ज्या फोटोला जगभर बाँबचा ढग म्हणून दाखवत आले, त्यातल्या एका प्रसिद्ध फोटोबद्दल २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं जाणकारांच्या हवाल्यानं छापलं की तो स्फोटाचा ढग नसून नंतर जळत्या शहरावर उठलेल्या आगीचा लोट असावा. सत्तर वर्षं पाठ्यपुस्तकं, संग्रहालयं, तक्ते, कुणाला शंका आली नाही, कारण खाली लिहिलेलं होतं! आमच्या तक्त्यावर तोच आहे. आता सांगा, टॅग ‘स्फोट’ ठेवू?

कपाटाच्या किल्ल्या

ठेवा, पण त्या जागी नाही. मी निवृत्त ग्रंथपाल आहे, लातूर जिल्ह्यातला. फोटो ‘कशाचा’ आणि ‘कशाविषयी’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक सारा शॅटफर्ड यांनी १९८६ मध्ये नीट मांडलं. तक्ता लोटाचा आहे, पण हिरोशिमाविषयी आहे. तिथून ‘हिरोशिमा’ काढलंत तर ६ ऑगस्टला फोटो शोधणाऱ्या शिक्षकाला तुम्ही रिकाम्या हातानं परत पाठवाल. वाचकाचा वेळ वाचवा, हा आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा नियम आहे.

आणि रंगनाथनांनी पुस्तकं विषयवार लावायच्या आपल्या कोलन वर्गीकरणात वाटही दाखवून ठेवली. एका वस्तूला एकाच खणात कोंबायचं नाही. द्रव्य वेगळं, क्रिया वेगळी, स्थळ वेगळं, काळ वेगळा. क्रियेला ते ऊर्जा म्हणत. तुमचा पहिला फोटो घ्या. द्रव्य धूळ-धूर, क्रिया सुरुंग, काळ १९७२. तुमचं सगळं भांडण द्रव्य आणि क्रिया एकाच रकान्यात लिहिल्यानं लागलंय.

पर्जन्यमापक

सर, कागदावर हे छान आहे. पण शोधाच्या खिडकीत माणूस एकच शब्द टाकतो. चार रकाने केलेत तरी संगणक चारही ढवळून एकत्र दाखवणार. पोखरणचं बघा. १९७४ आणि १९९८, दोन्ही वेळा चाचण्या जमिनीखाली झाल्या, छत्रीसारखा ढग उठलाच नाही. तरी दर मे महिन्यात भलत्याच चाचणीचा छत्रीढग ‘पोखरण’ म्हणून फिरतो. ‘कशाविषयी’ हा रकाना दिलात की असले फोटो त्यातून आत येणार. मला हे पटलेलं नाही.

माळवदाखालचा

मी किल्लारीचा. वाद वाचत होतो, लिहायचं नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जनाहून येऊन झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, सगळं अंगावर आलं. अंधारात त्या क्षणाचा फोटो कुणी काढला असेल असं मला वाटत नाही. जे फोटो आहेत ते नंतरच्या दिवसांतले, ढिगारे उपसतानाचे. त्यात मातीचा लोट असतो. असाच एक फोटो एका संग्रहात मी पाहिला, खाली लिहिलेलं ‘स्फोटानंतरचं दृश्य’. तो धुराळा आमच्या गल्लीतल्या घरांचा होता. सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि खाली असं लिहिलेलं!

मी पत्र पाठवलं, पुरावा मागितला गेला. पुरावा काय देऊ? गल्लीच राहिली नाही. म्हणून ताईंचं म्हणणं मला जवळचं वाटतं. माहीत नसेल तर कारण लिहू नका. जागा कोरी ठेवा. कोरी जागा बघून कुणीतरी सांगायला येईल, चुकीची भरलेली बघून माणूस मुकाट्यानं निघून जातो.

बाराचा माणूस

दादा, तुमचं वाचून हात थांबला. खोटं कारण लिहिण्यापेक्षा कोरं बरं, हे मान्य.

पण ताई, कोरं ठेवायच्या आधी फोटो नीट बघायला पायजे का न्हाई? बहात्तरला कॉम्प्रेसर कुठं सगळ्यांकडं. छन्नी-घणानं भोकं पाडून दारू ठासायचे, वात पेटवून पळायचे. त्या दारूचा धूर पांढरा आन लई दाट, म्हणून तुमच्या माणसाला ढग वाटला असंल. तुम्ही समदे वर बघायलात, धुराकडं. खाली बघा. माणसं हायत का फोटोत? आभाळ आलं तर माणूस उभा राहून वर बघतो. बार असंल तर बांधाआड बसून मान खाली घालतो. दगड धुराच्या मागून खाली येत असतात.

वाचनालयातली

स्कॅन मोठं करून पाहिलं. उजव्या कडेला बांध आहे. आम्ही त्याला सावली समजत होतो. बांधाआड चौघं उकिडवे बसलेत, पाठ लोटाकडे. एका बाईनं डोक्यावर उलटं घमेलं धरलंय.

बाराचा माणूस

मग बार हाय.

वाचनालयातली

नोंद अशी केली आहे: ‘धुराचा लोट. क्रिया: विहिरीचा सुरुंग, बांधाआडच्या माणसांवरून. काळ: १९७२, पाठीमागच्या पेन्सिलीवरून.’ ‘ढग’ काढला. हिरोशिमाच्या तक्त्यावर ‘स्फोट’ ठेवायचा की नाही, त्यावर पर्जन्यमापक आणि ग्रंथपाल सरांनी बोलत राहावं, मी अजून ठरवलेलं नाही. माळवदाखालचे दादा, तो फोटो आमच्या संग्रहात नाही. पण तुमच्या गल्लीतली घरं कोणती होती ते लिहून पाठवलंत, तर तशी एक नोंद फोटोशिवायही करू.