पीएच उतरला म्हणजे गंधकच असं नाही

'पावसाचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) ५.६ च्या खाली गेला की कारण धुराड्यातला गंधकच' असं अनेकदा म्हटलं जातं. सव्हाना प्रदेशात ते लागू पडत नाही. आफ्रिकेतल्या गवताळ भागात वणव्यांच्या धुरातून आणि झाडोऱ्यातून फॉर्मिक व असेटिक आम्ल येतं, पावसाच्या आम्लतेत त्यांचा मोठा वाटा असतो. कोल्हापुरात ऊसतोडीनंतर पेटवलेल्या पाचटाच्या धुरातही हीच आम्लं असतात, त्यामुळे वळवाचा पाऊस जरूर तपासा.

पण घाई हवी! पावसाचं पाणी साठवलेल्या बाटलीतले जिवाणू ही आम्लं एक-दोन दिवसांत खाऊन टाकतात, पीएच चढतो आणि पाऊस निर्दोष दिसतो. गच्चीवरचं भांडं पाऊस सुरू झाल्यावरच उघडा, नाहीतर धुळीतला चुना आम्ल मारतो. पाऊस थांबताच पीएच मोजा, मग जिवाणूंना रोखायला थायमॉलचे (ओव्याचं सत्त्व) दोन-चार खडे टाकून बाटली फ्रिजमध्ये. कागदी पट्टीवर विसंबू नका, इतक्या कमी क्षारांच्या पाण्यात ती चुकते.