युरेनियम ‘संपृक्त’, ‘संवर्धित’ की ‘समृद्ध’?

प्रश्न : इराणच्या बातम्यांत कधी ‘संपृक्त युरेनियम’ दिसतं, कधी ‘युरेनियम संवर्धन’, तर कुठे ‘६० टक्के शुद्ध’. अर्थ एकच ना? मग नेमका शब्द कोणता?

– क्रिया एकच, पण ‘संपृक्त’ साफ चूक. मिठाचं संपृक्त द्रावण म्हणजे ज्यात आणखी मीठ विरघळणार नाही ते. इथे विरघळण्याचा संबंधच नाही. खाणीतल्या युरेनियममध्ये २३५ हे समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू; वीज किंवा स्फोटासाठी हवा तो हाच) जेमतेम ०.७ टक्के, बाकी जवळजवळ सगळं २३८. त्याचं वायुरूप संयुग सेंट्रिफ्यूजमध्ये प्रचंड वेगाने फिरवलं की जड २३८ कडेला सरकतं, हलकं २३५ मध्याशी किंचित जास्त राहतं. एका यंत्रात फरक नगण्य पडतो, म्हणून शेकडो यंत्रांची साखळी लागते. ‘शुद्ध’ही नको, ०.७ टक्केवालं युरेनियमसुद्धा रासायनिकदृष्ट्या शुद्ध असू शकतं. ‘समृद्ध’ लिहा.

– ‘संवर्धन’ का नको? ऊतीसंवर्धन, मत्स्यसंवर्धन रुळलेले आहेत की.

– त्यात माल वाढतो, इथे घटतो! १००० अणू घ्या, त्यात २३५ चे ७. नको असलेले ८२५ काढले की १७५ त ७, म्हणजे ४ टक्के. हे वीजकेंद्राचं इंधन. आणखी १४० काढा, ३५ त ७, २० टक्के. आणखी फक्त २७ काढले की ८ त ७, म्हणजे अस्त्रयोग्य ९० टक्क्यांच्या उंबरठ्यावर. हिशेब ढोबळ आहे, कारण टाकाऊ भागातही थोडं २३५ जातंच. पण बहुतेक कष्ट ४ टक्क्यांपर्यंतच संपतात, हे महत्त्वाचं. २०१५ च्या अणुकरारात इराणला ३.६७ टक्के आणि साठ्याला ३०० किलोची मर्यादा होती ती यासाठीच. २०२१ पासून तिथे ६० टक्के सुरू झालं. म्हणून बातमीत ‘समृद्ध’च्या जोडीला टक्केवारी हवीच.

– एक भर. ‘समृद्ध’ म्हणजे बॉम्बचं आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, असं कुणी समजू नये. तारापूरच्या १९६९ च्या दोन अणुभट्ट्या कमी समृद्ध इंधनावर बांधल्या. ३ आणि ४ क्रमांकांच्या नैसर्गिक युरेनियम व जड पाण्यावर चालतात. उलट १९७४ च्या पोखरण अणुचाचणीचं प्लुटोनियम (अणुभट्टीत २३८ पासून बनणारं, बॉम्बला चालणारं मूलद्रव्य) मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ‘सायरस’ अणुभट्टीतून आलं, आणि तिचं इंधन नैसर्गिकच होतं. वापरलेलं इंधन आम्लात विरघळवून प्लुटोनियम वेगळं काढतात, त्याला ‘पुनर्प्रक्रिया’ म्हणावं. अनुवादात त्याचं ‘पुनर्वापर’ होतं, आणि धोक्याची गोष्ट रद्दीच्या कागदासारखी वाटू लागते.