केओलिनाइटऐवजी बोहेमाइटच येतंय, काय चुकतंय?

कलिना_लॅब:
चिनी मातीतलं खनिज केओलिनाइट बनवायचंय. ॲल्युमिनियम क्लोराइड आणि सोडियम सिलिकेट, सिलिकॉन-ॲल्युमिनियम १:१. पीएच ९ वर जेल पाडलं आणि तसंच ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणारं बंद भांडं) १५० अंशांवर ३ दिवस ठेवलं. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन) कॉपर ट्यूबवर १४.५ अंशाला शिखर येतं, १२.४ ला काहीच नाही. नुसती मुदत वाढवून भागेल का?

गाळ_आणि_गाळणी:
नाही. १४.५ म्हणजे बोहेमाइट (सिलिका नसलेलं ॲल्युमिनियमचं खनिज), थरांतलं अंतर ६.११ अँगस्ट्रॉम. सिलिका ॲल्युमिनियमशी न जुळता वेगळी राहिली की ॲल्युमिनियम आपलं आपलं स्फटिक बनवून मोकळं होतं. त्यात पीएच ७ च्या वर पाण्यात ॲल्युमिनेट असतं, म्हणजे ॲल्युमिनियमभोवती चार हायड्रॉक्सिल. केओलिनाइटच्या थरात ते सहा शेजाऱ्यांमध्ये बसतं. अल्कली आणखी वाढवलीत तर भरपूर सोडियममुळे झिओलाइट किंवा सोडालाइट (जाळीदार ॲल्युमिनोसिलिकेट) हाती येईल.

सोडियम सिलिकेट सोडा. ॲल्युमिनियम नायट्रेट नोनाहायड्रेट १५ ग्रॅम (०.०४ मोल) थोड्या पाण्यात विरघळवा, टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, सिलिकाचा स्रोत) ८.९ मिली आणि ते मिसळेल इतकं इथेनॉल घाला. पारदर्शक एकजीव द्रावण होईपर्यंत ढवळा. मग सौम्य अमोनिया थेंबथेंब, पीएच ६ च्या आसपास. जेल सेंट्रिफ्यूजवर धुवा. न धुता तापवू नका, त्यात अमोनियम नायट्रेट आणि इथेनॉल एकत्र असतं. धुतल्यावर गुणोत्तर पुन्हा तपासा.

वाळलेलं जेल १ ग्रॅम, पाणी २० मिली, पीएच ३ च्या आसपास. २२० अंश, ७ ते १० दिवस. भांडं दोन-तृतीयांशच भरा.

मातीकाम:
रसायन बरोबर, पण २२० ला दहा दिवस साधं टेफ्लॉन अस्तर नको. २०० च्या पुढे ते मऊ पडतं, आकार बदलतो, झाकणातून वाफ झिरपते आणि शेवटी कोरडं जेल मिळतं. पीपीएल (जास्त उष्णता सोसणारं पॉलिमर) अस्तर घ्या, किंवा २०० वर जास्त दिवस थांबा.

जुलैत मुंबईत क्लोराइड वापरणार असाल तर वजनावर विसंबू नका, बाटली उघडताच ते ओलं होतं. नेमकं ॲल्युमिनियम मोजायला ईडीटीए (धातू बांधून ठेवणारं रसायन) जादा घालून उकळा (ॲल्युमिनियम फार सावकाश बांधलं जातं), पीएच ५.५, झायलिनॉल ऑरेंज दर्शक, उरलेल्या ईडीटीएचं झिंकने बॅक टायट्रेशन.

कलिना_लॅब:
पीपीएल इथे नाही. ऑटोक्लेव्हशिवाय काही जमेल का?

गाळ_आणि_गाळणी:
केओलिनाइट नाही, पण इमोगोलाइट (ॲल्युमिनियम-सिलिकेटच्या अतिसूक्ष्म नळ्या) जमेल. फार्मर आणि सहकाऱ्यांची १९७७ ची पद्धत. एक लिटरला ॲल्युमिनियम २.४ मिलीमोल, सिलिकॉन १.४. क्लोराइड हेक्साहायड्रेट घेतलंत तर ०.५८ ग्रॅम, टीईओएस ०.३१ मिली. एवढं पातळ कशाला, हा प्रश्न पडेलच. सिलिका २ मिलीमोलच्या वर गेली की स्वतःशीच जुळू लागते, आणि आपल्याला सुटं सिलिसिक आम्ल हवं असतं. टीईओएसचे थेंब पूर्ण नाहीसे होईपर्यंत पुढे जाऊ नका.

०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अगदी सावकाश, पीएच ५ पर्यंत. साधारण ४८ मिली लागतं. सगळा घोळ इथेच होतो. थेंब पडतो तिथे क्षणभर पीएच खूप चढतो. पांढरे तंतू दिसले आणि ढवळूनही गेले नाहीत तर ते ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आहे. शिवाय तेरा ॲल्युमिनियमचे कीगिन गट (घट्ट गुच्छ) बनतात आणि ते लवकर मोडत नाहीत. मग लिटरला १ मिलीमोल हायड्रोक्लोरिक आणि २ मिलीमोल ॲसेटिक आम्ल, पीएच ४.५ च्या आसपास, ९५ अंशांवर ५ दिवस, झाकण घट्ट. भांडं पॉलिप्रॉपिलीनचं, काचेतून सिलिका उतरते.

मातीकाम:
आणि याचं एक्सआरडी पाहून हिरमुसू नका, रुंद उंचवटेच येतात. आयआर (इन्फ्रारेड वर्णपट) काढा: ९९० आणि ९३० सेमी⁻¹ च्या आसपास जोडी, शिवाय ३४८. जोडीऐवजी एकच रुंद पट्टा आला तर ॲलोफेन (नळ्या न बनलेलं, अव्यवस्थित ॲल्युमिनोसिलिकेट) समजा.