मोबाईल बोलतो म्हणून अंधांची अडचण संपली?

पांदणवाट: परवा इथं एकानं लिहिलं, 'आता मोबाईलच बोलतो, आंधळ्याला कोणाची गरज उरली नाही.' दोन दिवस डोक्यातून जाईना. मी जन्मांध, दारव्हा तालुक्यात राहतो, रोज टॉकबॅक, म्हणजे बोटाखालचं मोठ्यानं वाचून दाखवणारी मोबाईलमधली सोय, वापरतो. बँकेचं अ‍ॅप शिल्लक वाचून दाखवतं. पुढं बोट सरकवलं की 'लेबल नसलेलं बटण, लेबल नसलेलं बटण'. पैसे पाठवायचं त्यातलं कोणतं? शेवटी पुतण्याला पिन सांगितला. १३ वर्षांचं पोट्टं. आणि म्हणे गरज उरली नाही!

झुणका: ते मीच लिवलं होतं. माह्या मामाले दिसत नाही, पानठेला चालवते. आधी लोक वीसची नोट देऊन शंभर सांगत. आता साउंडबॉक्स बोलते, 'पन्नास रुपये प्राप्त झाले'. फसवून दाखवा त्याले! एका अ‍ॅपचा राग साऱ्यांवर काहून काढता?

कपाशीवाली: नोटांचं निघालंच तर ऐका. शंभरची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची ६६. आठवडी बाजाराच्या रेटारेटीत चार मिलिमीटर बोटानं मोजायचे?

वर्धेकर: उठावाच्या खुणा आहेत ना. शंभरवर त्रिकोण, पाचशेवर गोल. शिवाय २०२० पासून रिझर्व्ह बँकेचं मणी अ‍ॅप आहे, कॅमेऱ्यापुढं नोट धरली की कितीची ते बोलून सांगतं, नेटशिवाय चालतं.

कपाशीवाली: घामानं मऊ पडलेल्या नोटेवर खूण लागते का हाताला? त्यात कापूस वेचून बोटांना भेगा. एका हातात पिशवी, दुसऱ्यात मोबाईल, मग नोट कशात धरू? तुम्ही कधी बाजार केला नाही, दादा.

वर्धेकर: माझ्यावर कशाला घसरता? आहे ती सोय सांगितली.

झुणका: म्हनून तं म्हनतो, नोटा सोडा, मोबाईल धरा.

पांदणवाट: धरलाय की. केवायसी, म्हणजे खात्यासाठी ओळख पटवताना अ‍ॅप म्हणतं, 'चेहरा गोलात आणा'. गोल कुठं आहे तेच दिसत नाही. अर्धा तास मान वर-खाली, मग वेळ संपली. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला, जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. माझ्या मोबाईलपर्यंत तो पोचलेला नाही.

झुणका: बरं, केवायसीचं कबूल. मामाचं खातंबी तिथंच अडलं होतं, मी त्याची मान धरून बसलो तवा झालं. पण साउंडबॉक्सचं मी मागं घेत नाही.

पांदणवाट: नका घेऊ. आलेले पैसे मामाला ऐकू येतात, चांगलंच आहे. पण माल भरायला पैसे पाठवायचे असले की मोबाईल कोणाच्या हातात देतात?

झुणका: माह्या. पिन मलेच माहीत आहे.