'युनियन सोडा' म्हणणाऱ्यांनो, आधी हॉलचं भाडं विचारून या

खजिनदारीण

परवा इथे एकाने लिहिलं की ब्रिटनमधल्या विद्यापीठांतल्या मराठी विद्यार्थी सोसायट्यांनी स्टुडंट्स युनियनमधून, म्हणजे विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेतून, सरळ बाहेर पडावं. युनियन तीस पाउंड देते, तीस फॉर्म भरून घेते आणि वर पाच वर्षांच्या 'स्ट्रॅटेजी'च्या पुस्तिकेत आपल्या लेझीमचा फोटो छापते, असं त्यांचं म्हणणं. खाली 'अगदी खरं', 'मनातलं बोललात' अशी रांग लागली. म्हणून हे लांबण.

तीस पाउंड हा युनियनच्या मदतीचा सगळ्यात किरकोळ भाग. सोसायटीला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसतं. हॉलच्या, केटररच्या करारावर सही युनियनची असते. अध्यक्षाने उत्साहात स्वतःच सही ठोकली आणि कार्यक्रम बारगळला, तर केटरर त्या पोराच्या मागे लागतो. आत राहिलात की विमा युनियनचा, संध्याकाळचे वर्ग बहुतेक ठिकाणी फुकट, फ्रेशर्स फेअरला, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या मेळ्याला, टेबल. बाहेर पडलात की तोच वर्ग तासाच्या दराने, आणि विम्याचा कागद दाखवल्याशिवाय किल्ली नाही. बँक खातं काढायला जा, मग कळेल. सोसायटीची लेखी घटना (नियमावली) हवी, सह्या करणारे दोन हवेत, दोघांच्या पत्त्याचा पुरावा हवा. हे दोघे वर्षाने भारतात परतले की खातं लोंबकळत.

तीसच पाउंड का मिळतात, तेही सांगते. अर्जात 'दिवाळी – ५०० पाउंड' एवढंच लिहिलं तर कोण देईल? फोड करा. येणारे ४५, जेवण डोई ७ पाउंड, तिकीट ४ पाउंड, तूट डोई ३, म्हणजे १३५ पाउंड द्या. केटररचं दरपत्रक जोडा. असा अर्ज सहसा पूर्ण नाही तरी अर्धा पास होतो. आणि बहुतेक युनियनांत ग्रँटचे उरलेले पैसे ३१ जुलैला परत जातात, सभासद फीचे मात्र पुढे राहतात. म्हणून आधी ग्रँट संपवायची, मग फीला हात लावायचा. उलट करणारे खजिनदार दरवर्षी निघतात आणि मग 'युनियनने पैसे खाल्ले' म्हणतात.

एवढं करून अन्याय झालाच, तर १९९४ च्या एज्युकेशन ॲक्टचं कलम २२ उघडा. वाटपाची पद्धत न्याय्य हवी, लेखी हवी आणि कुठल्याही विद्यार्थ्याला बघता आली पाहिजे. ती मागा. रुसून बाहेर कशाला पडायचं?

एकला_चालो

तो 'एकाने' म्हणजे मीच. नाव घेतलंत तरी चाललं असतं.

ज्या कलम २२ चा दाखला देताय, त्यातच युनियनचं सदस्यत्व नाकारायचा हक्कही आहे. तो सोयीने गाळलात.

खजिनदारीण

तो एकेका विद्यार्थ्याचा हक्क आहे. सोसायटीचा नाही. कलम पूर्ण वाचा.

एकला_चालो

बरं, वाचलं. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

पण मुद्दा पैशाचा नव्हताच, स्ट्रॅटेजीचा होता. युनियन सगळं तीन वर्षांच्या पदवीवाल्यांचं कॅलेंडर धरून आखते. सोसायटीची सभा आणि निवडणूक मार्च-एप्रिलमध्ये. आपली निम्म्याहून जास्त मुलं एका वर्षाच्या मास्टर्सची. सप्टेंबरात उतरतात, नोव्हेंबरपर्यंत थंडी आणि असाइनमेंटांतून डोकं वर काढत नाहीत, मार्चमध्ये निवडून येतात आणि ऑगस्टअखेर प्रबंध जमा करून चालू लागतात. कार्यकारिणीचं खरं आयुष्य जेमतेम पाच महिने.

आणि गणपती कधी? २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर. म्हणजे जुन्यांचा प्रबंध गळ्याशी आलेला, नव्यांची विमानं उतरतायत आणि युनियनच्या ग्रँटची खिडकी ऑक्टोबरात उघडणार. मुख्य सणच त्यांच्या वर्षाबाहेर पडतो. त्या पुस्तिकेत 'आपलेपणा' हा शब्द पानोपानी. आपलेपणा सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात सुरू होतो वाटतं.

फोडणीवाला

दोघांचंही राहू द्या. फॉर्म निरर्थक आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी एकच प्रश्न सोडवून दाखवावा: साबुदाण्याच्या खिचडीच्या ॲलर्जीच्या फॉर्मवर काय लिहिता?

एकला_चालो

शेंगदाणे. त्यात सोडवायचं काय?

फोडणीवाला

आणि बटाट्याच्या भाजीच्या?

एकला_चालो

काही नाही. बटाटा, मिरची, कोथिंबीर.

फोडणीवाला

नापास. इथल्या यादीतल्या चौदा ॲलर्जीकारक पदार्थांत मोहरी आहे. म्हणजे आपली झाडून सगळी फोडणी त्यात आली. दुसरं, डबीतलं हिंग. ते नुसतं हिंग नसतं, बहुतेक ब्रँडांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. 'भात-वरण आहे, ग्लूटेन नाही' असं बिनधास्त सांगून सीलिॲक, म्हणजे ग्लूटेन अजिबात न चालणाऱ्या, मुलीला वरण वाढलं जातं ते इथेच. तांदळाच्या पिठात मळलेलं हिंग मिळतं, ते वेगळं आणा आणि डबी जेवण संपेपर्यंत टाकू नका. तिसरं, शिऱ्यातले पिवळे बेदाणे. रंग टिकावा म्हणून त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते, म्हणजे सल्फाइट. तेही यादीत. तिळगुळातले तीळ यादीत, काजू यादीत, तूप दुधात. नारळ मात्र यादीत नाही, त्यामुळे उकडीच्या मोदकाला फक्त 'दूध' लिहून सुटता येतं, पारीला तेल-तूप कसलं लावलं ते बघून.

हे युनियनच्या फॉर्ममध्ये विचारतात म्हणून निदान कुणीतरी डबी उलटी करून बघतो.

शाडूची_माती

मोदक लगेच सुटत नाहीत. घरी केलेलं आणू देतात का ते आधी विचारा. पुष्कळ युनियन नोंदणी केलेल्या केटररचंच अन्न मान्य करतात, नाहीतर फूड हायजीन लेव्हल २ चं प्रमाणपत्र मागतात. शिवाय गरम अन्न ६३ अंशांच्या वर ठेवायचं, त्याखाली गेलं तर दोन तासांत संपवायचं. आरती सुखकर्त्यापासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत गेली की पाऊण तास तिथेच उडाला. मसालेभाताचा टोप आरतीनंतर उघडावा, आधी नव्हे.

फोडणीवाला

नैवेद्य आधी दाखवतात ना पण?

शाडूची_माती

वाटीभर. टोप नाही.

मँचेस्टरी_मावळा

आरतीवरून आठवलं. LED ची पणती ओवाळा म्हणणाऱ्या युनियनला काय म्हणायचं? बॅटरीवरचं निरांजन! ही सांस्कृतिक गळचेपी आहे आणि तुम्ही इथे हिंगाच्या डब्या उलट्या करताय.

शाडूची_माती

गळचेपी वगैरे काही नाही. फॉर्म उशिरा दिलात. उघड्या ज्योतीचा अर्ज साधारण दहा कामाचे दिवस आधी लागतो, कारण तेवढ्या भागातले स्मोक डिटेक्टर तात्पुरते बंद करायला इस्टेट्स विभागाचा, म्हणजे इमारती सांभाळणाऱ्यांचा, माणूस यावा लागतो. परवानगी बहुतेकदा मिळते. अटी अशा: ताट वाळूवर ठेवायचं, पडद्यापासून लांब, विझवण्याचं नळकांडं हाताशी, आणि एक माणूस फक्त ज्योतीकडे बघत उभा. त्याने टाळ वाजवायचे नाहीत. नंतर डिटेक्टर परत चालू झाल्याची खात्री करून नोंद करायची. ती विसरली तर रात्रभर इमारत बिनपहाऱ्याची.

आणि तुपाचं एक निरांजन हे संकट नव्हेच. संकट म्हणजे कापूर. काळा, काजळीचा धूर थेट छताला. पाठोपाठ उदबत्तीचे पुडे. अर्जात 'एक तुपाचा दिवा, कापूर नाही, उदबत्ती नाही' लिहा, उत्तर बदलतं. सगळ्यात वाईट म्हणजे डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधणारे शहाणे. त्यात सोसायटी निलंबित होते, आणि व्हायलाच हवी.

मँचेस्टरी_मावळा

कापराशिवाय आरती म्हणजे मिठाशिवाय आमटी.

शाडूची_माती

मग घरी करा. घरमालकाचा अलार्म आहेच.

पेन्शनर_पुणेकर

तुमचं बरं चाललंय. इथे जिमखाना फी दरवर्षी कापून घेतात आणि ती कुठे गेली हे विचारायला निवडून आलेली विद्यार्थी परिषदच नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या थेट निवडणुका बंद केल्या, गुणवत्तेवर नेमणुका आणल्या. गंमत बघा, त्याच साली तिकडे तुमचं कलम २२ आलं. मग २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत आल्या, पण कागदावर. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीने उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये घालून दिली होती, कॉलेजांना तेवढाही त्रास नको. तुम्हाला फॉर्म भरून निदान उत्तर येतं.

एकला_चालो

काका, मान्य. पण तिकडे नाही म्हणून इकडचं चांगलं, हा युक्तिवाद झाला का?

पेन्शनर_पुणेकर

युक्तिवाद नाही, जळफळाट आहे.

सॅब_होते_कधीकाळी

स्ट्रॅटेजीबद्दल 'एकला'चा राग योग्य जागी आहे, निदान मात्र चुकलंय. पाच वर्षांचा आराखडा बहुधा पगारी मुख्याधिकारी आणि विश्वस्त मंडळ करतं. निवडून आलेल्या सॅबची, म्हणजे युनियनच्या पगारी विद्यार्थी पदाधिकाऱ्याची, मुदत एक वर्ष, कायद्याने जास्तीत जास्त दोन. म्हणजे आराखडा संपेपर्यंत सॅबची चार-पाच तोंडं बदलतात. ज्याचा आकडा मोजला जातो तेच काम या बदलांतून टिकतं. आणि मोजतं कोण? नॅशनल स्टुडंट सर्व्हेत युनियनवर एक प्रश्न असतो, पण तो सर्व्हे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्यांचा. मास्टर्सची मुलं त्यात नाहीतच. युनिव्हर्सिटी युनियनला ब्लॉक ग्रँट, म्हणजे एकरकमी अनुदान, देताना जे आकडे बघते त्यात तुम्ही दिसत नाही, म्हणून कॅलेंडरातही नाही. आकस वगैरे कुणाला नसतो.

तेव्हा नवा आराखडा लिहिला जात असताना, म्हणजे जुना संपायच्या आदल्या वर्षी, सूचना मागवतात तेव्हा 'आमच्या सणांचा मान राखा' असलं काही लिहू नका. ते छान म्हणून फोटोसकट छापतील. मोजता येईल असं मागा. ग्रँटची एक खिडकी जूनमध्ये उघडा, सप्टेंबरच्या कार्यक्रमांसाठी. ऑक्टोबरात पोटनिवडणूक घेऊ द्या. सभासदांचा आकडा पदवी आणि मास्टर्स वेगळा छापा. ही तिसरी मागणी सगळ्यात महत्त्वाची, कारण पहिल्या दोन तिच्यावरच तगतात.

एकला_चालो

आणि ते ऐकतील?

सॅब_होते_कधीकाळी

एका सोसायटीचं नाही. चिनी, नायजेरियन, तमिळ सोसायट्यांचीही हीच रड आहे. चौघांनी एकच मजकूर पाठवला तर विश्वस्तांच्या टेबलावर जातो.

पूर_आणि_पाउंड

सगळं ठीक. पण गावाकडे पूर आला की सोसायटीच्या खात्यातले ४०० पाउंड पाठवता येत नाहीत, हे कसलं 'सहकार्य'? पैसे आमच्या सभासदांचे!

खजिनदारीण

आमच्या म्हणजे युनियनच्या. युनियन धर्मादाय संस्था आहे, पैसा तिच्या उद्देशांवरच खर्च होतो. १९७२ चा बाल्ड्री विरुद्ध फीनटक खटला बघा. ससेक्स विद्यापीठाच्या युनियनने 'वॉर ऑन वाँट' या गरिबीविरोधी संस्थेला देणगी द्यायचं ठरवलं, कोर्टाने थांबवलं. हेतू कितीही चांगला असो.

वाट आहे. फीला हात न लावता वेगळा कार्यक्रम करा. तिकिटावर आणि पोस्टरवर आधीच छापा की जमा होणारा पैसा अमुक नोंदणीकृत संस्थेला जाणार. युनियनला ते लेखी कळवा, म्हणजे तो पैसा वेगळा धरला जातो. पोस्टरवर छापायचं राहिलं तर तो नुसता सोसायटीचा नफा ठरतो, मग हलत नाही. रस्त्यावर डबा घेऊन उभं राहायचं असेल तर स्थानिक परवाना वेगळा.

मँचेस्टरी_मावळा

त्या कार्यक्रमाला ढोल वाजवणाऱ्या पोरांना मानधन तरी देता येईल की तेही कोर्टाने थांबवलंय?

सॅब_होते_कधीकाळी

कोर्टाने नाही, व्हिसाने. विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय चालत नाही, पैसे घेऊन करमणूक करणंही नाही. पोराने बिल फाडलं तर अडचण त्याची, युनियनची नव्हे. ढोल हौसेने वाजवा, पैसे टेम्पोच्या भाड्याला द्या.

एकला_चालो

ठीक आहे. 'बाहेर पडा' मागे घेतो. 'आत राहून डोकं खा' असं वाचावं. पण मार्च ते ऑक्टोबर सोसायटी जिवंत कोण ठेवणार, याचं उत्तर कुणीच दिलं नाही. ते युनियनही देत नाही आणि तुमचं कलम २२ ही.

खजिनदारीण

पीएचडीवाला. तीन-चार वर्षं हलत नाही, जुलैतही इथेच असतो. मार्चमध्ये त्याला फक्त खजिनदार करा, बाकीची पदं ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीला ठेवा. तुमच्या युनियनच्या नियमांत अध्यक्षपद रिकामं ठेवता येत नसेल तर पदवीच्या दुसऱ्या वर्षाची कुणीतरी घ्या. सही करणारे दोघे कधीही एकाच वर्षी जाणारे नसावेत. गणपतीच्या हॉलचं बुकिंग मेमध्येच टाका, तारीख पंचांगात असतेच.

एकला_चालो

पीएचडीवाल्याला पटवणार कोण?

फोडणीवाला

मसालेभात. हिंग तांदळाचं.

मँचेस्टरी_मावळा

आणि कापूर?

शाडूची_माती

नाही.